सिद्ध न झालेला रोग

उलटतपासणीला उभ्या राहिलेल्या साक्षीदाराने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढेच द्यावे, असा आग्रह वकील धरतात. हा आग्रह वकिलाच्या सोयीचा असतो. सत्याच्या सोयीचा असतोच असे नाही. पुष्कळ प्रश्न असे असतात, की प्रामाणिक साक्षीदार त्यांना 'होय' म्हणू शकत नाही आणि 'नाही' असेही म्हणू शकत नाही. रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन रोगी आणि त्याचे आप्त डॉक्टरांसमोर बसतात, तेव्हा तेही नकळत त्या वकिलाचीच भूमिका घेतात. "रोग आहे की नाही, एवढेच सांगा." या प्रश्नाला सर्व प्रसंगी सरळ उत्तर देणे डॉक्टरांवर नीतीच्या दृष्टीने बंधनकारक आहे काय, आणि तसे उत्तर मिळत नसेल तर रोग्याने व त्याच्या गोतावळ्याने कसे वागावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न सर्वच रोगांत थोडाफार उद्भवतो. परंतु ज्यांना डॉक्टर 'ऑटोइम्यून' म्हणतात त्या रोगांत तो विशेष तीव्र होतो. परक्या जंतूंपासून शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा या रोगांत स्वतःच्याच शरीरावर उलटते. असे काही घडू शकते हे मान्य करावयालाच वैद्यकशास्त्राला वेळ लागला. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे प्रतिपादले होते, की शरीराला आत्मघाताचे जणू भय असते आणि ते स्वतःविरुद्ध विष निर्माण करण्याचे टाळते. १९०४ मध्ये व्हिएन्नाच्या डोनाट आणि लँडस्टायनर यांनी एका विशिष्ट रोगात रोग्याचे रक्त स्वतःच्याच तांबड्या पेशींचा नाश करते हे दाखविले. तरीही एर्लिख यांच्या मताचा पगडा कितीतरी वर्षे टिकला. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ल्युपस या रोगाची खूण असलेली एक विशिष्ट पेशी आढळली, आणि १९५७ च्या सुमारास पेशींच्या केंद्रकाविरुद्ध रक्तात असलेली प्रतिपिंडे चकाकणाऱ्या रंगाच्या साहाय्याने पाहण्याची रीत निघाली. आज प्रयोगशाळेच्या कागदावर 'ए.एन.ए.' ही तीन अक्षरे दिसतात, ती याच परंपरेतील चाचणीची होत.

या चाचणीची रीत समजून घेतल्यास पुढील विवेचन सोपे होईल. रोग्याच्या रक्तातील रस पातळ करीत नेतात आणि प्रत्येक टप्प्यावर तो तयार ठेवलेल्या पेशींवर सोडून केंद्रक चकाकते की नाही ते पाहतात. १:८० याचा अर्थ एवढाच, की ऐंशी पट पातळ केल्यावरही चकाकी दिसली. आता ही चकाकी कोणाकोणाच्या रक्तात दिसते? १९९७ मध्ये निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी मिळून धडधाकट माणसांचे रक्त तपासले, तेव्हा १:४० या पातळीवर सुमारे ३२ टक्के, १:८० वर सुमारे १३ टक्के, १:१६० वर ५ टक्के आणि १:३२० वर सुमारे ३ टक्के निरोगी माणसांत चाचणी होकारार्थी आली. उलट पक्षी, ल्युपस झालेल्या जवळजवळ सर्व रोग्यांत ती होकारार्थी येते. म्हणजे रोग असेल तेथे ही खूण बहुधा असतेच; परंतु खूण असेल तेथे रोग असतोच असे मुळीच नाही.

आपल्याकडील नैयायिकांना हा भेद फार पूर्वी कळला होता. 'जेथे धूर तेथे अग्नी' हे अनुमान त्यांनी ग्राह्य धरले. 'जेथे अग्नी तेथे धूर' हे मात्र धरले नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. ज्या हेतूची साध्याशी संगत अशी मध्येच सुटते, त्याला त्यांनी सव्यभिचार हेतू म्हटले आणि हेत्वाभासांत गणले. ए.एन.ए.वरून ल्युपसचे अनुमान करणारा मनुष्य हीच चूक करतो. रोगावरून खुणेकडे जाणारी वाट त्याने ऐकलेली असते, आणि तीच वाट उलट दिशेनेही तितकीच पक्की आहे असे तो गृहीत धरतो.

थोडे गणित करून पाहू. दहा हजार माणसांच्या एका गावात दहांना खरोखर ल्युपस आहे असे केवळ हिशेबासाठी मानू. गावातील सर्वांचे रक्त तपासले तर हे दहा जण १:८० वर होकारार्थी निघतील; पण उरलेल्या ९,९९० निरोग्यांपैकी शेकडा १३ प्रमाणे सुमारे १,३०० जणही होकारार्थीच निघतील. सुमारे १,३१० कागदांवर तेच अक्षर, आणि त्यांत रोगी केवळ दहा! आता दुसरे उदाहरण घेऊ. सांधे सुजलेले, चेहऱ्यावर विशिष्ट पुरळ उठलेले, तोंडात व्रण पडलेले असे शंभर जण डॉक्टरांकडे आले आणि त्यांतील चाळिसांना ल्युपस आहे असे माना. तेथे तीच चाचणी होकारार्थी आली तर ते चाळीस आणि उरलेल्या साठांपैकी सुमारे आठ, म्हणजे ४८ पैकी ४० जण खरे रोगी ठरतील. कागद तोच, आकडा तोच. अर्थ मात्र पार बदलला. कारण अर्थ कागदात नसून कागद येण्यापूर्वी आपल्यापाशी काय माहिती होती यावर अवलंबून असतो. इंग्लंडमधील टॉमस बेज या धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेल्या गणिताचे सार हेच आहे, आणि प्रत्येक चांगला डॉक्टर, ते नाव घेवो वा न घेवो, याच गणिताने चालतो. म्हणूनच अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ मध्ये असा सल्ला दिला, की ए.एन.ए. होकारार्थी नसेल आणि रोगाचा सयुक्तिक संशय नसेल, तर त्याच्या पोटातील इतर प्रतिपिंडांच्या तपासण्या करीत बसू नये.

सर्व साक्षीदार सारख्या योग्यतेचे नसतात, हे वकिलाला निराळे सांगावयास नको. ए.एन.ए. हा प्रत्येक खटल्यात हजर होणारा बोलका साक्षीदार आहे. आमवाताच्या तपासणीतील 'ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर'ही काहीसा तसाच. तो निरोगी वृद्धांत आढळतो, क्षय व काविळीच्या काही प्रकारांसारख्या दीर्घ संसर्गांतही आढळतो. याउलट ल्युपसमधील 'अँटी-स्मिथ' हे प्रतिपिंड मितभाषी होय. ल्युपसच्या बहुसंख्य रोग्यांत ते नसतेच. पण जेथे असते तेथे त्याच्या शब्दाला मोठे वजन असते. शिवाय साक्षीदार गप्प बसला म्हणून घटना घडलीच नाही असेही ठरत नाही. आमवाताच्या काही रोग्यांत रक्ताच्या दोन्ही नेहमीच्या चाचण्या नकारार्थी येतात, आणि सांधे मात्र डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत झिजत जातात.

इतके सर्व खरे असूनही घरात काय घडते ते पाहावे. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबातील पदवीधर मुलीला काही महिने सांधेदुखी व थकवा जाणवत होता. कोणी सुचविले म्हणून रक्त तपासले. कागदावर १:१६० आले. एका डॉक्टरांनी ल्युपसची शक्यता बोलून दाखविली. दुसऱ्यांनी लघवी, मूत्रपिंडे, रक्तपेशी सर्व तपासून सांगितले, की आज काही सिद्ध होत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. घरातील वडीलधाऱ्या मावशींना हे उत्तर मुळीच पटले नाही. "रिपोर्टांत आयलां न्हय, मागीर आनीक कितें जाय?" असे त्या म्हणाल्या. काही दिवसांनी मुलगी जरा बरी दिसू लागली, तेव्हा त्याच घरात दुसरा सूर निघाला: मुलीच्या अंगात काही नाही, सगळे मनाचे आहे. त्याच सुमारास लग्नाची बोलणी चालू होती. त्या कागदाचे काय करावे, दाखवावा की लपवावा, याची कुजबूज माजघरात सुरू झाली. देवळात कौल लावला असता पाकळी उजवीकडून पडते किंवा डावीकडून पडते, आणि भाविकाला त्यातून उत्तर मिळते. ती श्रद्धेची गोष्ट आहे, आणि तिचे स्थान तिच्या ठिकाणी आहे. प्रयोगशाळेचा कागद हा मात्र कौल नव्हे. तो साक्षीपुरावा आहे, आणि पुराव्याची छाननी करावी लागते.

येथे कायद्याने केलेला एक विवेक मला फार मोलाचा वाटतो. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात वस्तुस्थितीच्या दोन नव्हे तर तीन अवस्था सांगितल्या होत्या: सिद्ध झालेली, खोटी ठरलेली, आणि या दोहोंपैकी कोणतीच नसलेली, म्हणजे सिद्ध न झालेली. तो कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आला. पण हा त्रिविध भेद नव्या कायद्यानेही कायम ठेवला आहे. 'सिद्ध न झालेले' म्हणजे 'खोटे' नव्हे, आणि 'अजून खरे ठरावयाचे आहे इतकेच' असेही नव्हे. ती स्वतंत्र अवस्था आहे. व्यवहारात मात्र आपण पहिल्या दोन पेट्याच ठेवतो आणि तिसरीतील वस्तू मिळेल त्या पेटीत कोंबतो. त्या मुलीला आधी 'रोगी' ठरविले गेले आणि नंतर 'ढोंगी'. दोन्ही निवाडे पुराव्यावाचून झाले.

त्याच कायद्यात 'सिद्ध' या शब्दाची जी व्याख्या आहे, तीही मननीय आहे. निखळ, निरपवाद ज्ञान ती मागत नाही. त्या विशिष्ट परिस्थितीत एखादी गोष्ट आहे असे धरून शहाण्या माणसाने कृती करावी इतकी ती संभाव्य वाटली, म्हणजे ती सिद्ध झाली. अर्थात सिद्धतेचा संबंध कृतीशी आहे, आणि कृती बदलली की किती पुरावा पुरे हेही बदलते. फौजदारी खटल्यात माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागते म्हणून पुराव्याची मोजणी कडक असते. दिवाणी दाव्यात संभवाचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहून चालते. वैद्यकातही हेच घडते, आणि घडले पाहिजे. लघवीतून प्रथिन जाऊ लागले, मूत्रपिंडाला धोका दिसू लागला, तर सर्व खुणा जुळेपर्यंत थांबणे हा अपराध होईल. तेथे मूत्रपिंडाचा तुकडा तपासून लवकर उपचार सुरू करणे हेच शहाणपण. याउलट केवळ सांधे दुखतात आणि एक आकडा कागदावर आला, एवढ्यावर महिनोन् महिने स्टेरॉइड देणे म्हणजे आरोप शाबीत होण्यापूर्वी शिक्षा भोगावयास लावणे होय. कारण ते औषध हाडे ठिसूळ करते, रक्तातील साखर वाढविते आणि दबलेल्या क्षयाला डोके वर काढू देते. निदान अनिश्चित आहे म्हणून निर्णयही अनिश्चित असावा असे नाही. 'आज उपचार न करता दर तीन महिन्यांनी लघवी व रक्त तपासावयाचे' हाही एक निश्चित निर्णयच आहे.

तथापि न्यायालयाचा दाखला एका मर्यादेपलीकडे ताणू नये. न्यायालयाला खटला कधीतरी संपवावा लागतो, आणि एकदा अखेरचा निवाडा झाला की तोच वाद पुन्हा उकरता येत नाही. वैद्यकात असा अखेरचा निवाडा नाही; तेथे काळ हाच सर्वांत मोठा साक्षीदार असतो आणि तो आपल्या वेळेनेच साक्ष देतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकी सैन्यातील १३० ल्युपस रोग्यांचे, रोग होण्यापूर्वी साठविलेले रक्त तपासले गेले. त्यांपैकी ११५ जणांत निदानापूर्वीच एक ना एक प्रतिपिंड आढळले. काहींत तर नऊ वर्षांहून अधिक आधी. हे वाचून कोणी घाबरू नये. हा अभ्यास रोग्यांपासून मागे चालत गेला होता. प्रतिपिंड असलेल्या सर्व माणसांपासून पुढे चालत गेल्यास वरील गावाच्या हिशेबाप्रमाणे बहुसंख्य माणसे निरोगीच राहतात. काही रोगी असेही असतात, की त्यांच्यात या रोगकुळाची लक्षणे दिसतात पण कोणत्याच एका नावात ती बसत नाहीत. त्यांपैकी काहींचा रोग पुढे स्पष्ट होतो, पुष्कळांचा वर्षानुवर्षे तसाच सौम्य राहतो, आणि काहींची लक्षणे मावळतात. यांपैकी आपण कोण, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

मग डॉक्टरांचे कर्तव्य कोणते? कोणी म्हणेल, की रोग्याला नाव हवे असते. नावाने दुःखाला समाजात जागा मिळते, घरच्यांची सहानुभूती मिळते, कामावरून रजा मिळते; तेव्हा दयेपोटी एखादे नाव देऊन टाकले तर काय बिघडले? हा युक्तिवाद क्षुद्र नाही. परंतु दयेपोटी दिलेले नाव दयेपुरते राहत नाही. ते कागदावर उतरते. पुढचा डॉक्टर ते सिद्ध धरून चालतो. विम्याच्या अर्जावर ते लिहावे लागते. पुढच्या प्रत्येक तापाला आणि दुखण्याला तेच कारण चिकटविले जाते, आणि खरे कारण मात्र तपासलेच जात नाही. चरकाने तर स्पष्टच म्हटले आहे, की रोगाचे नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, कारण सर्वच विकारांना ठरलेली नावे नसतात. रोगाचे स्वरूप, स्थान आणि कारण ओळखून त्याने उपचार करावा, असा त्याचा आशय आहे. कायदाही डॉक्टरांकडून सर्वज्ञता मागत नाही. २००५ मध्ये जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ निर्णयातील चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असेही सांगितले, की संमती देण्यासाठी रोग्याला पुरेशी माहिती मिळाली पाहिजे. माझ्या मते अनिश्चितता हीदेखील त्या माहितीचाच भाग आहे. 'मला निश्चित सांगता येत नाही' हे वाक्य डॉक्टरांनी उच्चारणे न्याय्य आहे; मात्र तेथेच थांबणे न्याय्य नाही. काय दिसल्यास ताबडतोब यावे, पुढची तपासणी केव्हा, आणि तोवर दुखण्यावर उपाय काय, एवढे सांगितल्यावाचून ते वाक्य पुरे होत नाही.

आणि आप्तांचे कर्तव्य? पहिले हे, की नाव आणि दुःख यांची गल्लत करू नये. रोगाचे नाव सिद्ध झाले नसेल. सकाळी उठताना बोटे आखडतात ही गोष्ट मात्र त्या मुलीला प्रत्यक्ष आहे, आणि प्रत्यक्षाला दुसऱ्या प्रमाणाची गरज नसते. नावासाठी पुरावा मागावा. दुःखासाठी मागू नये. दुसरे कर्तव्य लग्नाच्या बोलण्यासारख्या नाजूक प्रसंगीचे. तेथे 'मुलीला ल्युपस आहे' असे सांगणे जितके असत्य, तितकेच 'मुलीला काहीही नाही' असे सांगणेही असत्य. सत्य एवढेच, की अमुक त्रास होतो, अमुक तपासणी झाली, डॉक्टरांच्या मते आज काही सिद्ध होत नाही आणि त्या देखरेखीत आहेत. मुलीच्या अनुमतीने हे शांतपणे सांगावे. इतके सत्य ज्यांना पेलत नाही, ते पुढे कोणत्याही घरात येणारे एखादे खरे आजारपण कसे पेलणार, हा विचार मुलीकडच्यांनीही करावा. तिसरे कर्तव्य साधे आहे: सर्व कागद तारीखवार जपून ठेवावेत, शक्यतो एकाच डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे, आणि उत्तर आवडले नाही म्हणून तीच चाचणी प्रयोगशाळेमागून प्रयोगशाळेत करीत हिंडू नये. निरनिराळ्या पद्धतींनी आलेले आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, आणि त्यांच्या तफावतीतून नवीन ज्ञान न येता नवीन भीती मात्र येते.

संशय ही मनाची दुर्बलता आहे असे आपण सहसा मानतो. न्यायशास्त्राने तसे मानले नाही. अंधुक प्रकाशात दिसणारी आकृती खांब आहे की माणूस, असा प्रश्न ज्याला पडतो तोच जवळ जाऊन पाहतो. ज्याला ती आधीच माणूस किंवा आधीच खांब वाटते, तो जागचा हलत नाही. न्यायसूत्रांनी सोळा पदार्थ सांगितले, त्यांत संशयाला तिसरे स्थान आहे आणि निर्णयाला नववे. मध्ये प्रयोजन, दृष्टान्त, सिद्धान्त, अवयव आणि तर्क असे पाच टप्पे आहेत. रोग्याला आणि त्याच्या घराला हे पाच टप्पे चालण्याइतका वेळ व धीर आपण मिळू द्यावा, आणि तो मिळेपर्यंत दुखणाऱ्या हातातील काम आपल्या हाती घ्यावे.